हळदीचे अंगठे

माझं पवित्र शास्त्र स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी असतं. डाळ शिजेपर्यंत मी त्यातला एक अध्याय वाचते, म्हणून पानांवर हळदीचे अंगठे उमटलेत. काल मुलगा म्हणाला, "आई, किती मळवलंस गं! काचेच्या कपाटात ठेवू या."

"कपाटात ठेवून कुणाचा स्वभाव सुधारलाय?" मी म्हटलं.

मी चौथी शिकलेली, पण वाचायचं एकही दिवस चुकवलं नाही. क्षमेचं पान सगळ्यांत पिवळं आहे, कारण तेच मला जड जातं.

आज ते पान उघडलं, तर कडेला एक नवा, बारीक अंगठा दिसला. सुनेचा. ती कुणाला क्षमा करतेय, हे मी विचारलं नाही; घरात भांडतो आम्ही दोघीच. मुलाला मात्र ताठ मानेनं सांगितलं, शास्त्र बरणीशेजारीच राहील.