गळ्यातला काळा दोरा

नेम धरायला मी कॉलेजात, एनसीसीत शिकले. पुढं पंचवीस-तीस वर्षं त्याचा काही उपयोग झाला नाही. गेल्या हिवाळ्यात झाला.

शिरूर-दौंडच्या शिवेवर माळाला लागून आमचं रान आहे. हरभरा वर आला की हरणं येतात आणि शेंडे खुडून जातात. दुर्बीण बसवलेली बंदूक घेऊन दीर दर मोसमाला बांधावर बसायचे. हा गुन्हा आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. गेल्या साली त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

"वहिनी, औंदा तुम्ही बसा," ते म्हणाले. "का बंदूक जड व्हतीय?"

"तुमच्यापेक्षा हलकीच हाय, भावजी."

पंधरा-वीस दिवस बसले. चार-पाच गोळ्या फुकट गेल्या.

"आता हरणं तुमच्याकडं बघत बघत चरत्यात," दीर हसले. ते मला लागलं.

पलीकडच्या मोकळ्या तुकड्यात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. एका सकाळी मेंढपाळ कळप घेऊन नदीकडं गेला आणि थोड्या वेळानं एक हरणी एकटीच हरभऱ्यात आली. अजिबात बुजत नव्हती. दुर्बिणीत तिच्या कानातल्या शिरासुद्धा दिसत होत्या. गळ्यात काळा दोरा होता, कोकराला दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तसा. तो कुणी बांधला असेल, हे मला लगेच कळलं. तरी मी चाप ओढला.

दीर वाटे घालायला येण्याआधी दोरा कापून चुलीत टाकला. आमच्या वाट्याचं मटण मीच शिजवलं. खाल्लंही.

दुसऱ्या दिवशी मेंढपाळ दारात आला.

"ताई, आमची हरणी दिसली का वं? मंडळीनं शेळीच्या दुधावर वाढवलीय. माणसाला भीत न्हाई, त्याचाच घोर हाय."

"न्हाई मामा. दिसली तर सांगते."

आठवड्यानं त्यांनी मुक्काम हलवायला घेतला. मेंढ्या बसवल्याबद्दल धान्य द्यायचं होतं. मी ठरल्यापेक्षा जास्त बाजरी त्यांच्या पोत्यात ओतली. मामांनी पोतं उचलून पाहिलं, खाली ठेवलं आणि ओंजळी भरभरून बाजरी माझ्या सुपात परत टाकली.

"एवढी ठरली नव्हती, ताई."

"राहू द्या की."

"कशापायी?"

ते उत्तरासाठी थांबले होते. मी सूप उचललं आणि घरात गेले.