अक्कानं सांडलेलं मीठ

खर्र... खर्र... खर्र...

आयुष्यातल्या कितीतरी सकाळी मी या आवाजानं जागा झालो. आज तो आला नाही.

लहानपणी तो खराट्याचा आवाज होता. कराडला आमच्या भाड्याच्या घरापुढचं अंगण अक्का झाडायची, आणि मी पांघरुणात पडून शाळेतली कविता घोकायचो.

पुढे इंग्लंडात, लेस्टरला, हाच आवाज बर्फ काढायच्या फावड्याचा झाला. अक्का तीच. पांघरुणातला मीही तोच.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. इथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स म्हणून आधी ती आली, मागून मला बोलावून घेतलं. राहायला शेजारच्याच घरात. तिला जाऊन आज वर्ष झालं.

पडून नाही गेली हं. झोपेत गेली. बर्फाची काय बिशाद होती तिला पाडायची!

तिनं मला दोनदा चालायला शिकवलं. एकदा कराडच्या अंगणात, बोट धरून. दुसऱ्यांदा इथे, माझ्या पहिल्याच हिवाळ्यात.

त्या सकाळी मी खिडकीत हरखून उभा होतो. बर्फाच्या कविता वर्गात चालीवर म्हटल्या होत्या, बर्फ पाहिला कुणी होता! त्याच भरात दारासमोरची पायरी स्वच्छ करावी म्हणून बादलीभर कढत पाणी ओतलं. आपल्याकडे सकाळी अंगणात सडा घालतात ना, तसं.

चहा उकळेपर्यंत पायरीची काच झाली.

बाहेर पाय ठेवला तो थेट गेटपाशी पोचलो. बसल्या बसल्या.

अक्का फावड्यावर हनुवटी टेकवून बघत होती. म्हणाली, "सडा झाला? आता रांगोळी काढ."

मग तिनं हात दिला. "ऊठ बंडू. आधी हात खिशातून काढ. पाऊल छोटं टाक, सपाट टेकव. माप ओलांडायला निघालेल्या नवरीसारखं चाल."

"अक्का, मी पुरुष आहे."

"ते बर्फाला सांग."

रात्री बर्फ पडला की ड्यूटीला जाण्याआधी तिचं काम सुरू व्हायचं. तिच्या दारापासून माझ्या दारापर्यंत, आणि तिथून उतारानं खाली बसस्टॉपपर्यंतची पेव्हमेंट. लोकांचे पाय पडायच्या आत काढायचा, म्हणायची, तुडवला की त्याचा दगड होतो. साडी खोचलेली, वर भला मोठा अनोरॅक कोट, पायात वेलीज, म्हणजे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट.

शाळेत मी वीरांगनांच्या ओळी घोकल्या. घोड्यावरची एकही पाहिली नाही. फावडेवाली दर हिवाळ्यात पाहिली.

रिटायर झाल्यावरही तिनं हे सोडलं नाही.

बर्फ काढून झाला की मीठ, वाट पुन्हा गोठू नये म्हणून. बादलीतून मुठी भरभरून, शेतात बी फेकावं तसं.

आमची आई सांगायची, मीठ सांडू नये. सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं. मी मुद्दाम आठवण करून द्यायचो.

"अगं, केवढं सांडतेस! वर गेल्यावर वेचता वेचता पापण्या झडतील."

"झडू देत. इथं कुणाचं हाड मोडण्यापेक्षा तिथं माझ्या पापण्या झडलेल्या बऱ्या."

समोरच्या घरातला डेरेक हातात चहाचा मग घेऊन दारातून बघायचा. दर हिवाळ्यात त्याचं एकच पालुपद.

"लीव्ह इट, लव्ह! ते कौन्सिलचं काम आहे. तू साफ केलंस आणि कुणी घसरलं, तर तुलाच कोर्टात खेचतील."

अक्का न थांबता म्हणायची, "खेचू देत. मी हाडांच्या वॉर्डात आयुष्य काढलंय, डेरेक. कोर्टातून माणूस चालत घरी येतो."

डेरेक मान हलवायचा आणि दार लावून घ्यायचा. पेपर आणायला मात्र तिनं काढलेल्या वाटेनंच जायचा.

काल रात्री यंदाचा पहिला बर्फ पडला. नेमका तिच्या दिवसाच्या तोंडावर.

सकाळी खिडकीतून पाहिलं. एक तरुण आई बाळाची बगी ढकलत उतारावरून चालली होती, एका हातानं लोकांच्या कुंपणाच्या भिंती धरत. मध्येच तिचा पाय सरकला. सावरली. दुपारपर्यंत या बर्फाचा दगड होणार, आणि शाळा सुटली की पोरं याच उतारावरून येणार.

अक्काचं फावडं माझ्या हॉलमध्ये उभं आहे. माझा खुबा मात्र उन्हाळ्यातच नवा बसवलाय. बर्मिंगहॅमहून लेकीचा फोन येऊन गेला. "बाबा, तुम्ही बाहेर जायचं नाही. प्रॉमिस करा!"

मी प्रॉमिस केलं नाही. पण धीरही होईना.

म्हणून एका पायात बूट घालून जिन्याच्या पायरीवर बसलोय आणि तुम्हाला हे लिहितोय. ती असती तर म्हणाली असती, "बंडू, पांघरुणातून बाहेर ये."

थांबा. बेल वाजली.

डेरेक!

इतक्या वर्षांत हा माणूस रस्ता ओलांडून माझ्या दारी कधी आला नव्हता. डोक्यावर लोकरी टोपी, नाक लाल, दोन्ही काखांत स्वयंपाकाच्या मिठाच्या पिशव्या.

"दुकानातलं बर्फावर टाकायचं ग्रिट संपलंय," माझ्याकडे न बघता म्हणाला. "हे चालेल? तिचं फावडं तुझ्याकडे असेल ना? ते मला दे. तू फक्त मीठ टाक. ती कसं टाकायची ते मला जमायचं नाही."

"आणि कोर्ट, डेरेक?"

"लेट देम," म्हणाला.

त्याला दारात उभं करून दुसरा बूट चढवतोय, म्हणून इथेच आवरतो.

अक्का, हात खिशाबाहेर आहेत. पाऊल छोटं टाकीन, सपाट टेकवीन. आज एक नाही, दोन म्हाताऱ्या नवऱ्या निघाल्यात तुझ्या वाटेनं.

तू पापण्या मिटून स्वस्थ पड. आजचं मीठ आम्ही सांडतोय, आमचं आम्ही वेचू.

येऊ तेव्हा. घाई नाही.

तुझा,
बंडू