भागूबाईंचे शून्य गुण

नापास व्हायलाही अभ्यास लागतो, हे मला भागूबाईंनी शिकवलं. घोडेगावातल्या आमच्या वाचनालयात मी ग्रंथपाल. म्हणजे कुलूप उघडणारा मी, झाडू मारणारा मी आणि मानधनाची वाट पाहणाराही मीच. दुपारी दोन ते चार तिथे प्रौढ साक्षरता वर्ग भरायचा. बारा बायका होत्या. पहिल्या वर्षी अकरा जणी पास झाल्या, भागूबाई तेवढ्या राहिल्या. दुसऱ्या वर्षीही राहिल्या. तिसऱ्या वर्षी तर त्यांनी चक्क शून्य मिळवलं.

भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या एका वाडीत जन्मभर भात लावून वाकलेली, साठी ओलांडलेली बाई. आता मुलाकडे राहायला आलेली. मी म्हटलं, वयच झालं, चालायचंच. पण पेपर तपासणं माझ्याच गळ्यात होतं, आणि त्यात जोड्या लावा होत्या. भागूबाईंनी गायीला घरटं दिलं होतं, पाखराला गोठा, उंदराला पोळं आणि मधमाशीला बीळ. ‘चूक की बरोबर’मध्ये दहाच्या दहा उलटी. अहो, डोळे मिटून खुणा केल्या तरी चार-दोन बरोबर येतात! नाव लिहिलं की गुण मिळतात, म्हणून नावाच्या जागी अंगठा.

“भागूबाई, हे काय आहे?” मी पेपर पुढे धरला.

“डोकंच चालत न्हाई भाऊ.”

“चालतं की. सगळी उत्तरं आल्याशिवाय इतकं स्वच्छ शून्य पडत नाही.”

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. “आमी समद्या पास झालो की वर्ग बंद, असं तुमीच म्हनला व्हता ना?”

म्हणालो होतो खरा. यादीत एक तरी असाक्षर असेल तोवर वर्ग चालू, असा नियम होता. शिकलं की घरी जा! त्यामुळे उरलेल्या अकरा जणी आता भागूबाईंना ‘शिकवायला’ यायच्या. म्हणजे बिबट्या कुणाच्या उसात दिसला ते पेपरात मोठ्याने वाचायच्या आणि त्यावर कडाकडा भांडायच्या. भागूबाई सांगायच्या, “घरात बाई बसली की कुनाला तरी च्या लागतो. हितं दोन तास कुनी उठवत न्हाई.”

घरी मात्र त्यांची रोज थट्टा व्हायची. मुलगा म्हणायचा, “आई, नात पहिली पास झाली, तू कधी होणार?” सून नाक मुरडायची. भागूबाई हसण्यावारी न्यायच्या. एकदाच मला म्हणाल्या, “सर्टिफिकीट मला बी पायजेल व्हतं राव. भिंतीला लावलं असतं. पन मंग ह्या अकरा जनींनी बसायचं कुठं?” मला लाज वाटली. एवढ्या पुस्तकांत आयुष्य काढून मी कुणासाठी चहासुद्धा सोडला नव्हता.

चौथ्या वर्षी साक्षरता विभागाचे एक साहेब आदेश घेऊन आले. दोन वर्षांत एकही पास नाही, सबब वर्ग बंद. पास झालात तरी बंद आणि नापास झालात तरी बंद! साहेब म्हणाले, “करा सही.” मी केली. न वाचता कुठे अंगठा देऊ नका, असं त्याच बायकांना घसा कोरडा होईस्तोवर सांगणारा मी.

भागूबाईंनी तो कागद माझ्या हातातून ओढून घेतला आणि बोट ठेवून, सगळ्यांसमोर, खणखणीत वाचला. शेवटपर्यंत. “‘तथापि ग्रंथालयाची तयारी असल्यास सदर वर्ग वाचनकट्टा म्हणून स्वतःच्या जबाबदारीवर चालू ठेवता येईल.’ साहेब, ‘तथापि’ म्हंजी काय वो?”

साहेब गडबडले. “ह्या बाई असाक्षर आहेत ना?”

“व्हय की. तुमच्याच यादीत हाय.”

“मग वाचलंत कसं?”

“तुमी न्हाई वाचलं, मंग कुनीतरी नको व्हय वाचाया?”

साहेब चहा न घेता गेले. मी त्याच दिवशी कट्ट्याचा अर्ज लिहिला. बायका टाळ्या पिटत होत्या, आणि भागूबाईंनी हळूच विचारलं, “आता परीक्षा कधी? औंदा पास व्हते.”

“कट्ट्याला परीक्षा नसते, भागूबाई.”

त्यांनी समोरच्या रिकाम्या भिंतीकडे पाहिलं. मी घाईघाईने म्हणालो, “मी देतो की सर्टिफिकेट, वाचनालयाचा शिक्का मारून!”

“तुमचा शिक्का?” त्या म्हणाल्या. “तुमी तर न वाचताच सही ठोकता.”

मागच्या थंडीत भागूबाई गेल्या. नंतर महिन्याभराने साहेबांच्या कार्यालयातून कागद आला. असाक्षरांच्या यादीतून त्यांचं नाव कमी करायचं होतं, त्यासाठी माझी सही हवी होती. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. नाव कमी करण्याचं कारण आधीच छापून आलं होतं, ‘मयत’. ते मी खोडलं, वर ‘साक्षर’ लिहिलं आणि मग सही केली.