कंपनीला आलेला शिकवण्याचा पुळका

ओहायो नदीकाठच्या त्या गावात कुणाच्या छातीत कळ आली, की त्याला आणून डॉक्टर लॉर्ना पेट्रिकपुढेच ठेवत. तिथल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत तिची अर्धी हयात गेली होती. पुढे हॉस्पिटल एका मोठ्या कंपनीने घेतलं. आल्या आल्या कंपनीने बाळंतपणाचा विभाग परवडत नाही म्हणून बंद केला. आणि मग एका दुपारी त्याच कंपनीने कँटीनमध्ये केक कापून जाहीर केलं, की आता इथे इमर्जन्सीचे निवासी डॉक्टर तयार होणार.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लॉर्ना हाताची घडी घालून उभी राहिली.

"केक खा आणि गप्प बस," तिच्या बरोबरीने म्हातारा होत आलेला नर्स डग म्हणाला. "फुकटचा आहे."

"म्हणूनच घशाखाली उतरत नाहीये."

व्यवस्थापक ब्रँट गोड बोलणारा माणूस. डॉक्टरांचा तुटवडा आहे, गावाची सोय होईल, असं तो प्रत्येकाला समजावत फिरला. पण लॉर्नाची कोलंबसमधली मैत्रीण, चांगली अनुभवी डॉक्टर, कित्येक महिने काम शोधत होती. तुटवडा होता, तर तिला कुणी का विचारत नव्हतं?

निवासी डॉक्टर आले. त्यांच्यात वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणपट्ट्यातली नेओमी अ‍ॅडकिन्स होती. ही पोरगी सारखी चौकशा करायची: कोण किती दिवस ड्यूटी करतं, कोण कधी निवृत्त होणार, नवीन माणूस घेणार आहेत का. लॉर्नाने मनाशी ठरवून टाकलं, ही ब्रँटचं माणूस आहे. तेव्हापासून नेओमी आली की ती बोलणं आवरतं घ्यायची.

हळूहळू एकेक जुना डॉक्टर गळू लागला. करार संपला की कंपनी तो पुन्हा करत नसे; त्यांचं काम शिकाऊ डॉक्टर कमी पैशांत करत. शेवटी दिवसभर सगळ्या शिकाऊंवर नजर ठेवायला एकटी लॉर्ना उरली. एकदा ती अपघातातल्या माणसाच्या घशात श्वासासाठी नळी घालत असताना नेओमी पडद्याआडून आली. पाठ दुखते म्हणून आलेल्या एका ट्रकवाल्याच्या दोन्ही हातांचं ब्लडप्रेशर जुळत नव्हतं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटत असावी, अशी तिला शंका होती. लॉर्नाला जागचं हलता येईना. तिने तिथूनच तपासणी सांगितली, मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हेलिकॉप्टर मागवायला लावलं. ट्रकवाला वाचला.

त्यानंतर नेओमी पायऱ्यांवर जाऊन बसली. लॉर्ना तिच्याशेजारी टेकली.

"तुम्ही नसता तर मी कुणाला विचारलं असतं?" नेओमीने विचारलं.

"ते ब्रँटला विचार. तुझं त्याच्याशी जमतं ना?"

"ब्रँटशी?" नेओमी म्हणाली. "माझ्या नवऱ्याने इथे गॅरेज टाकलंय. शिकून झाल्यावर इथे काम मिळेल का, एवढंच मला कळायला हवं होतं. कुणी धड सांगतच नाही."

कंपनीवरचा राग लॉर्नाने या पोरीवर काढला होता.

शिक्षण संपताना नेओमीला कंपनीने नोकरी देऊ केली. ती सरळ लॉर्नाकडे आली.

"हे तुमचेच ड्यूटीचे दिवस आहेत. तुमच्याकडून काढून मला देतायत, आणि तेही कमी पगारात."

"घे तू. गॅरेजचं काय करणार?"

"गॅरेज कुठेही टाकता येतं," नेओमी म्हणाली. ती माहेरच्या डोंगराळ भागातल्या एका लहानशा हॉस्पिटलात निघून गेली. तरी लॉर्नाचे दिवस अर्ध्यावर आलेच. नेओमीने नाकारलेली जागा तिच्याच तुकडीतल्या दुसऱ्या कुणीतरी घेतली, आणि लॉर्नाला त्याचाही राग धरता येईना. कर्ज डोक्यावर घेऊन शिकलेलं माणूस जाणार कुठे?

पुढची तुकडी आधीपेक्षा मोठी आली. पहिल्याच दिवशी लॉर्नाने एकेकाला विचारलं, इथून बाहेर पडल्यावर काम मिळेल असं तुम्हाला कुणी सांगितलं? पोरं एकमेकांकडे बघू लागली.

दुपारी ब्रँटने तिला बोलावून घेतलं. मुलांना कशाला घाबरवता, असं त्याचं म्हणणं होतं.

"मी नुसतं विचारलं," लॉर्ना म्हणाली. "उत्तर तुमच्याकडे असेल तर चला, सांगू या त्यांना."

ब्रँटने घड्याळ पाहिलं आणि पुढची बैठक आहे म्हणाला. लॉर्ना खाली गेली आणि पोरांना फाटलेली जखम शिवायला शिकवू लागली.