शेवटचा रिपोर्ट कुठला?

आमच्या धाकट्या सुनेचं काम कॉम्प्युटरचं. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, पण तिनं मला ते असं झकास समजावलं, की भेटेल त्याला सांगत सुटतो. अकरा दवाखाने. रोजचे रक्ताचे रिपोर्ट अकराही जणांकडे एकदम मागायचे, आणि सगळ्यांचं 'झालं' आलं की एक यादी करून प्रोग्रॅम मोकळा! दीड वर्ष खपून पोरीनं एकटीनं उभा केला. पण गडी मधूनच एखाद्या दिवशी हटून बसायचा. चूक दाखवेना, बंदही पडेना. नुसता वाट बघत राही.

गुरुवारी बारापर्यंत दुरुस्त झाला तर घेऊ, नाहीतर जुनाच चालू ठेवू, असं मॅनेजरनं बजावलेलं.

त्या गुरुवारी सकाळपासून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. चहावर साय धरली.

"अगं, बंद करून परत चालू कर की," आमची ही म्हणाली. "माझा मिक्सर तसाच सुधारतो."

"आई, तीन आठवडे तेच करतेय."

"कोण अडलंय, एवढं तरी सांगतो का तो?" मी विचारलं.

"नाही ना बाबा. कुणाची किती वेळ वाट बघायची, हेच मी त्याला शिकवलं नाही."

तिचा चेहरा बघवेना. म्हणून मी तिला हसवायला आमच्या हेडमास्तरांच्या सायकलची गोष्ट काढली. आता माझी गोष्ट म्हणजे फाट्यावरून फाटे. सासऱ्याला मध्येच तोडायचं कसं, म्हणून ती बिचारी हात मांडीवर ठेवून 'हो का?' म्हणत राहिली. पाऊण तास!

बारा वाजून वीस मिनिटांनी तिला सापडलं. शेवटचा रिपोर्ट उतरवला की 'झालं' म्हण, असं तिनं लिहिलेलं. एका छोट्या दवाखान्यात कधीकधी एकही पेशंट येत नाही. रिपोर्टच नाही, तर शेवटचा कुठला? एक ओळ घातली, धडाधड अकरा 'झालं' आले.

तिनं मॅनेजरला फोन लावला. पलीकडचं मलाही ऐकू आलं. "बारालाच वर कळवलंय. राहू दे आता."

"हो सर."

उशीर कशानं झाला, ते तिनं सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. प्रोग्रॅम परत चालवला, चार सेकंदांत यादी तयार. ती पुसून परत चालवला. मग परत.