घाटात गाडी तापली तेव्हा

यजमान गेल्यानंतर मी देव्हाऱ्यात दिवा लावत राहिले, पण सप्तशृंगी आईशी बोलणं सुटलं. राग नव्हता. हाकेला ओ येत नाही अशा घरात माणूस हळूहळू हाक मारायचंच विसरतो, तसं काहीसं झालं होतं. हात जोडायचे, उदबत्ती फिरवायची आणि कामाला लागायचं. आई आहे की नाही, असली तर मला ओळखते की नाही, हा प्रश्नही मी मनात येऊ देत नव्हते.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. लग्न होऊन मी सुरतेत गोडादऱ्याला आले, ती इथलीच झाले. यजमान एका गिरणीमालकाकडे ड्रायव्हर होते. शेठनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी यांना देऊन टाकली. गोल दिव्यांची, पुढे बाकासारखी सलग सीट असलेली ती गाडी म्हणजे यांचा जीव. बमरोलीच्या गिरण्यांमागच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी मला ती चालवायला शिकवलं. मी क्लच सोडताना धक्का दिला की हसायचे, आणि घरातल्या अहिराणीत म्हणायचे, “तुले याच गाडीमा गडवर लई जासू.”

पण गाडीला एक खोड होती. सपाट रस्त्यावर ती गुणी, चढ लागला की इंजिन तापायचं. यांनी रेडिएटर साफ करून घेतला, पाण्याचा पंप बदलला, पंख्याचा पट्टा बदलला. गॅरेजात उभी केली की काटा शहाण्यासारखा जागेवर राही, आणि घाटात पुन्हा लाल रेषेवर. आम्ही सप्तशृंगीच्या गडाला निघालो आणि अर्ध्या वाटेतून परत आलो, असंही झालं. मग ते आजारी पडले. गडावरच्या आईसाठी घेतलेल्या साडीला मी त्यांच्या उशाशी बसून लेस लावत होते. घरी साड्यांना लेस लावायचं माझं कामच आहे. ती साडी मात्र अर्धी राहिली, आणि ते गेले.

यंदा श्रावणात मी ती साडी पुरी केली. मुलगा म्हणाला, “मम्मी, माझ्या गाडीत जाऊ, एसी आहे.” मी नको म्हटलं. कारण त्याला सांगता आलं नाही. ज्या वाटेनं जायचं आम्ही दोघं इतकी वर्षं बोलत होतो, ती वाट मला त्याच काचेतून बघायची होती, एवढंच.

सोबत नणंद निघाली. आम्ही तिला आक्का म्हणतो. कडोदऱ्यावरून बारडोली, व्यारा करत वघईपर्यंत गाडी छान आली. पावसाळा सरत आला होता, डांगातले डोंगर हिरवेगार होते. सापुताऱ्याचा घाट सुरू झाला आणि काटा चढू लागला. मी वेग कमी केला, खिडक्या उघडल्या. एका वळणावर नाकात तापल्या पाण्याचा वास आला. मी गाडी कडेला घेतली.

“आते काय करवानं, वहिनी?” आक्कानं विचारलं.

“थंड होऊ द्यायची. मग मागे फिरू,” मी म्हणाले. इतक्या वर्षांनी निघाले, तर पुन्हा याच वळणांवरून परत जायचं. मनात आलं, आईला आम्ही नकोच आहोत.

जवळच एक झोपडी होती. तिथे नागलीच्या भाकरी करून विकणारी माझ्याच वयाची बाई होती. तिनं आपणहून पाण्याची कळशी आणली, गाडी उतारावर सरकू नये म्हणून चाकांना दगड लावले. तिची बोली डांगातली, पण आमच्या अहिराणीची बहीण वाटावी अशी. इंजिन थोडं निवल्यावर मी ते चालू केलं आणि काटा काय करतो ते बघायला पाय जरा दाबला. ती उघड्या बॉनेटपाशी वाकून बघत होती.

“बाय, ही खालची काळी नळी पोट आत ओढून घेते,” ती म्हणाली. “हां, आता फुगली. परत दाब बरं.”

मी दाबलं. ती म्हणाली, “परत चपटी झाली.”

मी आक्काला सीटवर बसवून पाय दाबायला लावला आणि स्वतः वाकून पाहिलं. रेडिएटरमधून इंजिनाकडे पाणी नेणारा खालचा रबरी पाइप नरम पडला होता. इंजिन जोरात फिरलं की त्याच्या ओढीनं तो मिटायचा, आणि पाणीच जायचं नाही. म्हणून तर गॅरेजात इंजिन मंद चालताना काही कळत नव्हतं. यांनी त्या पाइपला किती वेळा हात लावला असेल. “अहो, बघा,” असं माझ्या तोंडून निघून गेलं. आक्कानं मान फिरवून डोळ्यांना पदर लावला.

पाइपच्या आत तारेचं वेटोळं असलं तर तो मिटणार नाही, एवढं मला कळलं. यांच्या हाताखाली पाना धरून मी कमी बसले नव्हते. त्या बाईनं कुंपणाची जाड तार काढून दिली. आम्ही ती कुऱ्हाडीच्या दांड्यावर गुंडाळली, गाडी पूर्ण निवल्यावर पाइप काढून आत सरकवली, पाइपचे पट्टे आवळले आणि तिच्या कळशीतलं पाणी भरलं. पुन्हा पाय दाबला. पाइप तसाच गोल राहिला.

तिनं काही घ्यायला नकार दिला. आत जाऊन एक नारळ घेऊन आली. “गडावर चालली ना? माझ्या नावानं एवढा वाहा,” म्हणाली.

“तू कधी गेली नाहीस?”

“चैत्रात सुरतेचे झेंडेवाले पायी जातात, इथूनच. पाणी पाजते त्यांना. निघू म्हटलं की घरात कुणी ना कुणी आजारी. मग मनातल्या मनात जाते.” तिनं घाटाच्या वरच्या बाजूला पाहिलं. ती नजर मी ओळखली. माझ्या आरशात मी ती रोज पाहत होते.

“नारळ तूच वाहा,” मी म्हणाले. “चल. संध्याकाळी इथे आणून सोडते.”

ती आधी हसली. मग तिनं आपल्या हातांकडे पाहिलं, त्यांना पीठ आणि गाडीचा काळा मळ लागला होता. शेजारच्या झोपडीत हाक मारून तिनं चूल सांभाळायला सांगितली, तोंड धुतलं, दुसरं लुगडं नेसून आली आणि पुढच्या सीटवर माझ्या बाजूला बसली. घाटभर काटा मध्यावर राहिला. ती रस्ता बघत होती, आणि मी मधून मधून तिला.

गडावर आईपुढे उभी राहिले. शेंदरी, डोंगराएवढी मूर्ती, मान किंचित कललेली. पुजाऱ्यांनी साडी घेतली. किती दिवस साठवून ठेवलेलं बोलणं होतं, पण ओठांवर एकच गोष्ट आली, की हे इथे असायला हवे होते. तेवढंच सांगितलं आणि रडले. यजमान परत आले नाहीत, ओढही कमी झाली नाही. पण ती आता मी आईजवळ बोलू शकते. या गोष्टीला चमत्कार म्हणायचं का, ते मला ठाऊक नाही. पाइप नरम पडला होता, तो सापडला.

मी समजत होते की आई माझी वाट अडवते आहे. पण तिला त्या दिवशी आणखी एकीला बोलवायचं होतं, आणि मला त्या भाकरीवालीच्या दारात थांबवल्याशिवाय ते घडणार नव्हतं. तेव्हापासून वाट अडली की मी घाई करत नाही. कोण आपल्यासोबत यायचं राहिलं आहे, ते आधी बघते.

त्या दिवशी दर्शन घेऊन मी वळले तेव्हा ती भाकरीवाली अजून आईपुढेच होती. मागची रांग सरकत होती, कुणीतरी तिला पुढे व्हायला सांगत होतं. ती हात जोडून मान वर करून आईकडे बघत उभी होती आणि हळू आवाजात सांगत होती, “आली ना मी. आली.”