नव्वद टक्के लिफ्ट

सेहेचाळिसाव्या वर्षी मी इंटर्न झाले. घरबसल्या मॅनेजमेंट शिकत होते आणि दोन महिने ऑफिसात काढल्याशिवाय पदवी मिळणार नव्हती. विरारच्या एका बिल्डरने मला घेतलं. सोसायटीच्या गणपतीतल्या नाटकात दरवर्षी राण्या रंगवणारी बाई मी. कडक इस्त्रीची साडी, गळ्यात ओळखपत्र, हातात डायरी असा थाटात प्रवेश केला.

माझे साहेब चोवीस वर्षांचे. मी त्यांना सर म्हणायचे, ते मला काकू.

"काकू, एकदम सोपं आहे." त्यांनी कॉम्प्युटरवर रंगीत पट्ट्यांचा तक्ता उघडला. इमारतीचं एक काम म्हणजे एक पट्टी. "रोज कंत्राटदारांना फोन करायचा, किती टक्के झालं विचारायचं, आकडा टाकायचा. पट्टी हिरवी होत जाते."

पण कंत्राटदार टक्क्यांत बोलतच नाहीत! प्लंबर म्हणे, "चालू आहे." टाइल्सवाला म्हणे, "होऊन जाईल." लिफ्टवाला तर रोज लाडात, "झालंच समजा, ताई!"

सरांनी भाव ठरवून दिले. चालू आहे म्हणजे पन्नास, होऊन जाईल म्हणजे सत्तर, झालंच समजा म्हणजे नव्वद. आठवड्यात माझा तक्ता भाताच्या खाचरासारखा हिरवागार. सर म्हणाले, "कमाल, काकू!" मी उठून, मान लववून अभिवादन स्वीकारलं.

दर गुरुवारी आचोळ्याहून एक निवृत्त गृहस्थ येत. आमच्या इमारतीत त्यांनी फ्लॅट घेतला होता. सध्या भाड्याने चौथ्या मजल्यावर राहत. तिथे लिफ्ट नाही आणि पत्नीचे गुडघे गेलेले. वर्षभर त्या खाली उतरल्या नव्हत्या. गृहस्थ एकच विचारायचे, "लिफ्ट कुठवर आली?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "नव्वद टक्के, काका! दिवाळीचे दिवे नव्या घरात लावा!"

त्यांनी पट्टीचा फोटो काढला. पुढच्या गुरुवारी पेढे घेऊन हजर. "घरमालकाला सांगून टाकलं, दिवाळीआधी जागा सोडतो. हिने नव्या चपला मागवल्यात. वर्षभर लागल्याच नव्हत्या."

मी पेढा तसाच डायरीवर ठेवला. लिफ्ट एकदा बघावी असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. इमारत ऑफिसपासून दहा मिनिटांवर.

वॉचमनने लिफ्टच्या जागेवरचं प्लायवुड बाजूला केलं. खाली खड्डा, खड्ड्यात पाणी आणि पाण्यात एक बेडूक. लिफ्टचा एक नटसुद्धा आला नव्हता. मी तिथूनच फोन लावला.

"झालंच समजा, ताई!"

"अहो, बेडूक पोहतोय इथे!"

"पाणी काढलं की झालंच समजा."

ऑफिसात येऊन सांगितलं, तर सर रडकुंडीला आले. "नव्वदचं शून्य कसं करू, काकू? मोठ्या साहेबांना नव्वद दाखवून झालंय. ते मलाच फैलावर घेतील." त्यांच्याकडे बघवेना. दुपारी मीच पट्टी शून्यावर आणून लाल केली. संध्याकाळी पाहिलं तर पुन्हा नव्वद.

गुरुवारपर्यंत थांबवेना. आचोळ्याला जाऊन चार मजले चढले. जिन्यात संवादाच्या तीन तालमी केल्या. दार उघडलं आणि तिन्ही विसरले. काकांच्या पत्नी, म्हणजे काकू, घरातच नव्या चपला घालून भिंतीला धरून चालत होत्या. "सवय करतेय," त्या म्हणाल्या.

मी खरं सांगून टाकलं. काकांनी घरमालकाला फोन लावला. जागा दुसऱ्याला देऊन झाली होती.

काकू खुर्चीत बसल्या. "म्हणजे उतरायचं ठरलंय. कसं, तेवढं ठरलेलं नाही."

डायरी मिटून मी खोली शोधायला निघाले. मग फक्त धावपळ. जवळच तळमजल्यावर अंधारी, ओल आलेली एक खोली मिळाली; तीच घ्यावी लागली. सामान गेलं त्या सकाळी चार शेजाऱ्यांनी काकूंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. चपला पायात होत्या, पायरीला मात्र टेकत नव्हत्या. त्यांची पिशवी धरून मी पुढे उतरत होते. याहून जास्त माझ्या हातात काही नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर खुर्ची टेकवली. माणसं धापा टाकत होती. खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"किती टक्के झालं?"

"पंचवीस."

"तक्त्यातले की खरे?"

"खरे," मी म्हटलं.

"मग चला," त्या म्हणाल्या.